छातीचे ऑपरेशन बिघडले तर? लपवू नका, इलाज घ्या, हक्क मागा!

काही दुखणी चारचौघांत बोलता येतात. गुडघा धरला, रक्तदाब वाढला, पित्त उसळले, की शेजारीण काढा सांगते, भावजय डॉक्टरचे नाव सुचवते. काही दुखणी मात्र पदराआडच राहतात. स्तनाचे दुखणे त्यांतलेच एक. त्यातही ते दुखणे जर रूप सुधारण्यासाठी केलेल्या ऑपरेशनमुळे उद्भवले असेल, तर बाई तोंडातून ब्रदेखील काढीत नाही. "कुणी सांगितले होते नसते उद्योग करायला?" हा प्रश्न आधीच तयार असतो. तो ऐकण्यापेक्षा ती ताप अंगावर काढते, गाठ लपविते, पूसुद्धा लपविते. आणि लपविल्यामुळे साधा बिघाड मोठा होतो.

आज आम्ही याच विषयावर लिहिणार आहोत. असे ऑपरेशन करावे की करू नये, हा वाद आम्ही येथे घालणार नाही. ज्यांनी ते केले आणि ज्यांना मनासारखे फळ मिळाले नाही, त्या भगिनींनी आता काय करावे, एवढाच प्रश्न आमच्यासमोर आहे.

हे फक्त नट्यांचे काम आहे काय?

तसा समज आहे, पण तो खरा नाही. नोकरी करणाऱ्या, दोन मुलांच्या आया असलेल्या, लग्न ठरत नाही म्हणून खचलेल्या मुलीही या ऑपरेशनला जातात. कुणाचा एक स्तन जन्मतःच लहान असतो. कुणाचे स्तन एवढे जड असतात की मान आणि पाठ भरून येते, खांद्यावर पट्ट्यांचे वळ पडतात, खाली घाम साचून कातडी सोलते. कर्करोगात स्तन काढावा लागला म्हणून कुणी तो पुन्हा घडवून घेते. कुणाला अंगावर पाजून झाल्यावर आपले शरीर परके वाटते. यांपैकी कोणतीही बाई गुन्हेगार नाही. तिने कष्टाचे पैसे मोजून एक वैद्यकीय सेवा घेतली. त्या सेवेत काही बिघडले तर इलाज मागण्याचा आणि जाब विचारण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही ऑपरेशने मुख्यतः चार प्रकारची असतात. सिलिकॉनची किंवा मिठाच्या पाण्याची पिशवी, म्हणजे इंप्लांट, घालून आकार वाढविणे हा पहिला प्रकार. जादा भाग काढून स्तन लहान करणे हा दुसरा. ओघळलेले स्तन वर उचलून घेणे हा तिसरा. आणि पोटाची किंवा मांडीची चरबी काढून स्तनात भरणे हा चौथा. प्रत्येकाच्या तऱ्हा वेगळ्या, तसे बिघाडही वेगळे.

थोडा इतिहास

सिलिकॉनच्या पिशवीचे पहिले ऑपरेशन १९६२ साली अमेरिकेत टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरात झाले. थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो हे ते दोन डॉक्टर. टिमी जीन लिंडसे नावाची ती बाई खरे तर छातीवरचे गोंदण काढून घेण्यासाठी धर्मादाय इस्पितळात गेली होती. डॉक्टरांनी तिला या नव्या प्रयोगाबद्दल विचारले. तिला आपले कान नीट करून हवे होते. तेही करून देऊ, असे सांगितल्यावर ती तयार झाली. नव्या वस्तूचा पहिला प्रयोग गरिबाच्या अंगावर होतो, हे येथेही दिसते.

पुढे तीस वर्षे या पिशव्या विकल्या गेल्या. तक्रारी वाढल्या, खटले उभे राहिले. १९९२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सिलिकॉनच्या पिशव्यांवर मोठे निर्बंध आणले. १९९५ साली डाऊ कॉर्निंग ही बडी कंपनी खटल्यांच्या ओझ्याखाली दिवाळखोरीत गेली. १९९९ साली तेथील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सगळा पुरावा तपासला. सिलिकॉनमुळे सबंध शरीराचे मोठे रोग होतात असे सिद्ध होत नाही. पण जागेवरचे बिघाड, म्हणजे पिशवी फुटणे, स्तन कडक होणे, पुन्हा ऑपरेशन करावे लागणे, हे मात्र नेहमीचे आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. २००६ साली या पिशव्यांना तेथे पुन्हा परवानगी मिळाली.

फ्रान्समधील फसवणूक

यानंतरची हकीकत प्रत्येक भगिनीने वाचावी अशी आहे. फ्रान्सच्या दक्षिणेला ला सेन-सुर-मेर या गावी ज्याँ-क्लोद मास या गृहस्थाने १९९१ साली पीआयपी नावाची कंपनी काढली. स्तनाच्या पिशव्या बनवून ती देशोदेशी विकू लागली. वैद्यकीय दर्जाचे सिलिकॉन महाग पडते म्हणून या कंपनीने पिशव्यांत स्वस्तातले औद्योगिक सिलिकॉन भरले! तपासणीस यायचे ते आधी कळवून यायचे. ते येण्याआधी पिंपे हलविली जायची, कागदपत्रे नीटनेटकी केली जायची. कागदावर सारे आलबेल!

पण बायकांच्या अंगातल्या पिशव्या फुटू लागल्या. काही डॉक्टरांना संशय आला आणि त्यांनी तो वर कळविला. मार्च २०१० मध्ये सरकारी तपासणीस कारखान्यात पोहोचले, लबाडी उघडी पडली आणि त्या महिन्याच्या अखेरीस विक्री बंद झाली. तोवर फ्रान्समधील सुमारे ३० हजार आणि जगभरातील काही लाख स्त्रियांच्या अंगात त्या पिशव्या बसल्या होत्या. डिसेंबर २०११ मध्ये फ्रान्स सरकारने आपल्या देशातील अशा स्त्रियांना त्या काढून घेण्याचा सल्ला दिला आणि काढण्याचा खर्च उचलला. ब्रिटनमध्ये सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०१२ साली अहवाल दिला. या पिशव्या इतरांपेक्षा दुपटीहून अधिक प्रमाणात फुटतात, पण त्यांच्यामुळे कर्करोग होतो असे दिसत नाही, असे त्यात म्हटले होते.

या प्रकरणातून आम्ही काय घ्यायचे? त्या बायका घरात तोंड लपवून बसल्या नाहीत. अलेक्सांद्रा ब्लाशेर या तरुणीच्या पुढाकाराने त्यांनी संघटना बांधली. २०१३ साली मार्से शहरात खटला उभा राहिला, तेव्हा तक्रारदार स्त्रियांची संख्या पाच हजारांवर होती. कोर्टाची इमारत पुरेना म्हणून प्रदर्शनाच्या सभागृहात खटला चालवावा लागला. डिसेंबर २०१३ मध्ये मासला चार वर्षांची कैद आणि दंड झाला. २०१९ साली तो मेला. पण बायका तेवढ्यावर थांबल्या नाहीत. ज्या जर्मन संस्थेने या कंपनीला दर्जाचा दाखला दिला होता, तिच्यावरही त्यांनी दावे लावले, आणि २०२१ साली पॅरिसच्या अपील कोर्टाने त्या संस्थेचा निष्काळजीपणा मान्य केला. एकटी बाई डॉक्टरच्या दारात रडली असती, तर हे घडले असते काय?

काय नेहमीचे, काय धोक्याचे?

ऑपरेशन झाल्यावर प्रत्येक गोष्ट बिघाड नसते. सूज, काळेनिळे डाग, ताठलेपणा हे पहिले काही आठवडे असतेच. पिशवी घातली असेल तर ती आधी वर चढल्यासारखी दिसते आणि हळूहळू खाली बसते. बोंडाजवळची बधिरता काही महिने टिकते. काहींची ती कायम राहते. व्रण पहिले सहा महिने लाल आणि उठावदार असतो, तो फिका पडायला वर्ष-दीड वर्ष लागते. म्हणून दुसऱ्याच महिन्यात आरशासमोर उभे राहून "सगळे वाया गेले" असे ठरवू नये. सूज पूर्ण उतरायला वेळ द्यावा. आकाराच्या तक्रारीसाठी पुन्हा ऑपरेशन करायचे तर बहुतेक शल्यविशारद सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात. त्यात टाळाटाळ असेलच असे नाही.

परंतु पुढील गोष्टी दिसल्या तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. रात्र असली तरी गाठावे:

एक स्तन अचानक फुगून टणक झाला आणि ठणका सोसवेना. आत रक्त साचत असण्याची शक्यता असते.

थंडी वाजून ताप आला, लाली पसरत चालली, टाक्यांतून पू किंवा घाण वासाचे पाणी येऊ लागले.

बोंड किंवा कातडी काळसर पडू लागली.

पोटरी सुजून दुखू लागली, किंवा अचानक धाप लागली, छातीत कळ आली. पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेल्याची ती खूण असू शकते आणि ती जिवावर बेतते.

अशा वेळी "ज्याने केले त्याच्याकडेच जाऊ, तो सोमवारी येणार आहे" असे म्हणू नये. जवळच्या मोठ्या इस्पितळात जावे. मुंबईत के.ई.एम., सायन, नायर, जे.जे. येथे आणि पुण्यात ससूनला प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग आहे. तेथे तुम्हांला कुणी हसणार नाही. आणि एखादा हसलाच, तर तो त्याचा कमीपणा आहे, तुमचा नव्हे.

पुढे वर्षांनी उद्भवणारे बिघाड

शरीरात कोणतीही परकी वस्तू गेली की शरीर तिच्याभोवती एक पापुद्रा धरते. पिशवीभोवतीही तो धरतोच. काही स्त्रियांत तो आवळत जातो आणि स्तन कडक होतो. डॉक्टर याच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत स्तन मऊ असतो. दुसरीत थोडा घट्ट लागतो, पण दिसायला ठीक असतो. तिसरीत घट्टही लागतो आणि आकारही बिघडतो. चौथीत तो टणक होतो आणि दुखतो. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बहुधा पुन्हा ऑपरेशन करून पापुद्रा काढावा लागतो. पिशवी बदलायची की कायमची काढून टाकायची, हे बाईने स्वतः ठरवायचे. येथे एक बजावून सांगतो. मालीशवालीकडून दाबून, चोळून, रगडून घेण्याच्या फंदात पडू नका. एके काळी काही डॉक्टरही हाताने दाबून पापुद्रा फोडीत. त्यात पिशवी फुटते, म्हणून ती पद्धत आता मागे पडली आहे.

दुसरा बिघाड पिशवी फुटण्याचा. मिठाच्या पाण्याची पिशवी फुटली तर स्तन थोड्याच दिवसांत चपटा होतो आणि लगेच कळते. सिलिकॉनची पिशवी मात्र मुकाट्याने फुटते, वरून काहीच कळत नाही. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली सल्ला दिला, की सिलिकॉनची पिशवी घातल्यावर पाच-सहा वर्षांनी पहिल्यांदा सोनोग्राफी किंवा एमआरआय करावे आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी करावे. इंप्लांट जन्मभरासाठी नसते. केव्हा ना केव्हा ते बदलावे किंवा काढावे लागते. हा खर्च ऑपरेशनआधी फार थोडे डॉक्टर सांगतात!

तिसरा बिघाड क्वचित होणारा, पण गंभीर. खरखरीत पृष्ठभागाच्या पिशवीभोवती काही स्त्रियांना लिम्फोमा नावाचा कर्करोग झाल्याचे आढळले. हा स्तनाचा नेहमीचा कर्करोग नव्हे. तो पिशवीभोवतीच्या पापुद्र्यात होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ साली त्याविषयी पहिली सूचना दिली. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला वेगळा रोग म्हणून मान्यता दिली. जुलै २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीने आपल्या बायोसेल जातीच्या खरखरीत पिशव्या जगभरातून परत मागविल्या. ऑपरेशननंतर काही वर्षांनी एक स्तन उगाच सुजणे, आत पाणी होणे, ही याची मुख्य खूण. ते पाणी काढून तपासता येते. वेळीच कळले तर पिशवी आणि पापुद्रा पूर्ण काढल्यावर बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात. ज्यांना काहीच त्रास नाही त्यांनी केवळ भीतीपोटी पिशवी काढावी, असे त्या प्रशासनाने सांगितलेले नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

पिशवी घातल्यापासून थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा, केस गळणे असा त्रास होतो, असे सांगणाऱ्याही अनेक स्त्रिया आहेत. त्याला अजून पक्की तपासणी नाही. पण म्हणून बाई खोटे बोलते, असे होत नाही. पिशवी काढल्यावर बरे वाटले असे अनेकींनी सांगितले आहे. मात्र आपल्या बायकांत रक्त कमी असणे आणि थायरॉईड या गोष्टी सर्रास सापडतात. त्यांची तपासणी आधी करून घ्यावी, मग पुढचा विचार करावा.

स्तन लहान करण्याच्या किंवा उचलण्याच्या ऑपरेशनात पिशवी नसते, पण व्रण मोठे असतात. सावळ्या कातडीवर ते जाड, खाजरे होण्याची शक्यता अधिक. त्यावर सिलिकॉनची पट्टी, दाब, इंजेक्शन असे उपाय आहेत. पुढे मूल झाल्यास अंगावर पाजण्यात अडचण येऊ शकते. चरबी भरण्याच्या ऑपरेशनात काही भाग शरीर शोषून घेते, म्हणून आकार कमी होतो. कधी आत गाठी होतात. त्या निरुपद्रवी असल्या तरी तपासून खात्री करून घ्यावी.

आणखी एक आपल्याकडची गोष्ट. आपल्या कित्येक आयाबहिणी सकाळी मिश्री लावतात. ते व्यसन आहे असे त्यांना वाटतच नाही. डॉक्टरने "सिगारेट ओढता का?" असे विचारले की त्या "नाही" म्हणून मोकळ्या होतात. पण मिश्रीतही तंबाखूच आहे! तंबाखूमुळे कातडीचा रक्तपुरवठा आकसतो, जखम भरत नाही, टाके उसवतात. ऑपरेशनच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतरही तेवढेच मिश्री, तंबाखू, गुटखा बंद पाहिजे. डॉक्टरला खरे सांगितलेच पाहिजे.

"ताई, तो शब्द लिहू नका"

आमच्याकडे लोक अर्ज लिहून घ्यायला येतात. कारकुनी करता करता हे काम अंगवळणी पडले आहे. रेशनकार्ड, जातीचा दाखला, पेन्शन, असे काही ना काही चालूच असते. काही काळापूर्वी वस्तीतील एक भगिनी आली. तिशी उलटलेली, नोकरीला जाणारी, दोन मुलांची आई. एका खाजगी इस्पितळात तिने हप्त्यांवर ऑपरेशन करून घेतले होते. वर्षाच्या आत एक बाजू दगडासारखी झाली आणि वर सरकली. इस्पितळात गेली की "होईल हळूहळू" असे उत्तर मिळे. हप्ते मात्र चालू होते. नवऱ्याला दुखणे माहीत नव्हते. सासूला तर ऑपरेशनच माहीत नव्हते.

ती म्हणाली, "ताई, अर्ज लिहून द्या. पण कशाचे ऑपरेशन ते लिहू नका. तो शब्द नको."

आम्ही म्हणालो, "बाई, तो शब्द लिहिला नाही तर अर्ज कशाचा? हात मोडला तर हात म्हणून लिहितोच ना आपण? स्तन हा शब्द शाळेच्या पुस्तकात आहे, सरकारी दवाखान्याच्या फलकावर आहे. तो लिहिल्याने तुझी अब्रू जात नाही."

बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "लिहा."

तिच्याकडे कागद एकच होता, आगाऊ रकमेची पावती! आम्ही दोन अर्ज केले. पहिला इस्पितळाला, की माझे सर्व केस पेपर, संमतीपत्र, ऑपरेशनची टिपणे, इंप्लांटचे लेबल आणि बिले यांच्या प्रती द्याव्यात. तो हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. चार खेपा ज्या कामासाठी फुकट गेल्या होत्या, ते काम त्या पोचेने दोन दिवसांत झाले. दुसरा अर्ज तक्रारीचा. पण तो पाठविण्याआधी आम्ही तिला सरकारी इस्पितळात नेले. आधी इलाज, मग कागद, हा आमचा नियम आहे. तेथील डॉक्टरीणबाईंनी शांतपणे तपासले आणि तिसरी पायरी असल्याचे लेखी दिले. पुढे ऑपरेशन झाले. तिने दोन्ही बाजूंच्या पिशव्या काढून टाकल्या, नव्या घातल्या नाहीत. तो तिचा निर्णय होता. दुसरीने वेगळा निर्णय घेतला असता तर आम्ही त्यालाही मान दिला असता. तिची तक्रार अजून चालू आहे. परंतु नवऱ्याला तिने स्वतः सांगितले. तो पहिले दोन दिवस धुमसला, तिसऱ्या दिवशी डबा घेऊन वॉर्डात आला.

फाईल कशी असावी?

या अनुभवावरून सांगतो, की ऑपरेशन करणार असाल किंवा करून झाले असेल तरी एक फाईल करा. तिच्यात पुढील गोष्टी हव्यात:

डॉक्टरचे नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक. प्लॅस्टिक सर्जनची पदवी एम.सीएच. किंवा डी.एन.बी. प्लॅस्टिक सर्जरी अशी असते. "कॉस्मेटिक तज्ज्ञ" एवढीच पाटी पुरेशी नाही.

संमतीपत्राची प्रत. त्यात कोणते धोके लिहिले आहेत ते वाचा. कळत नसेल तर मराठीत समजावून मागा.

इंप्लांटचे लेबल किंवा कार्ड. त्यावर कंपनी, जात, आकार आणि क्रमांक असतो. उद्या एखादी पिशवी परत मागविली गेली, तर आपली तीच आहे काय हे या कागदावरूनच कळेल.

पक्की बिले. पुन्हा ऑपरेशन करावे लागल्यास डॉक्टरची फी, भूल, थिएटर आणि पिशवी यांचा खर्च कोण सोसणार, हे लेखी घ्या.

ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे, तारखा घातलेले फोटो. ते आपल्याच ताब्यात ठेवा. कुणालाही मोबाइलवर पाठवीत सुटू नका.

त्रासाची रोजनिशी. कोणत्या तारखेला काय झाले, डॉक्टर काय म्हणाले, हे दोन ओळींत लिहा.

आणि "माझी कोणतीही तक्रार राहिलेली नाही" असा मजकूर असलेल्या कागदावर न वाचता सही करू नका. थोडे पैसे परत देताना असा कागद पुढे सरकवला जातो.

कायदा काय म्हणतो?

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांप्रमाणे डॉक्टरने दाखल रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपली पाहिजेत आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत दिली पाहिजेत. लेखी मागा, पोच घ्या. इस्पितळ लांब असेल तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात निकाल दिला, की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. आता २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तीसाठी वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, ती लक्षात ठेवा. "बघू, करू" म्हणता म्हणता दोन वर्षे निघून जातात.

२००८ साली समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीचा अर्थ स्पष्ट केला. एका स्त्रीने तपासणीपुरती संमती दिली असता तिचे गर्भाशय काढून टाकले गेले होते. न्यायालय म्हणाले, की रुग्णाला उपचार, त्यातले धोके आणि दुसरे पर्याय यांची पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती हीच खरी संमती. नुसती सही म्हणजे संमती नव्हे!

परंतु येथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फळ मनासारखे आले नाही म्हणजे डॉक्टर दोषी, असे कायदा मानीत नाही. स्तन कडक होणे किंवा व्रण जाड होणे हे चांगल्या डॉक्टरच्या हातूनही घडते. धोका आधी सांगितला नाही, नसलेली पदवी लावली, जाहिरातीत खोटी हमी दिली, बिघाड दिसत असून इलाज केला नाही, ठरलेल्यापेक्षा वेगळी पिशवी घातली, असे काही असेल तर तो निष्काळजीपणा ठरू शकतो. त्यासाठी दुसऱ्या तज्ज्ञाचे लेखी मत जोडावे. डॉक्टरच्या वागणुकीबद्दल महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडेही तक्रार करता येते. आधी संबंधित डॉक्टरशी शांतपणे बोलावे, प्रश्न लिहून न्यावेत, बरोबर एक माणूस न्यावे. पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात.

विम्याचे म्हणाल तर रूप सुधारण्यासाठीच्या ऑपरेशनचा खर्च आरोग्य विमा देत नाही. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतर स्तन पुन्हा घडविणे ही वेगळी बाब आहे. तेथे नकार आला तर लेखी कारण मागावे.

मन सांभाळा

शरीराच्या जखमेपेक्षा मनाची जखम कधी खोल जाते. पैसे गेले, रूपही गेले, सांगायची सोय नाही, या विचाराने झोप उडते. अशा वेळी एका तरी विश्वासाच्या माणसाला सांगा. बहीण, मैत्रीण, नवरा, कुणीही. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन आहे, तेथे फुकट बोलता येते. एक ऑपरेशन झाले की दुसरा दोष दिसतो, दुसरे झाले की तिसरा, असे होऊ लागले तर पुढच्या ऑपरेशनआधी मनोविकारतज्ज्ञाला भेटावे. तो काही वेड्यांचा डॉक्टर नव्हे.

चिडीच्या भरात दुसऱ्या ऑपरेशनला उडी घेऊ नका. दोन निरनिराळ्या प्लॅस्टिक सर्जनचे मत घ्या. "काय होऊ शकते, काय होऊ शकत नाही आणि काहीच केले नाही तर काय?" हे तीन प्रश्न दोघांनाही विचारा. स्वस्त मिळते म्हणून पार्लरमध्ये स्तनात कसलेही इंजेक्शन घेऊ नका. चीनमध्ये स्तनात भरण्याच्या अशाच एका जेलवर स्त्रियांचे हाल झाल्यानंतर २००६ साली बंदी घालावी लागली. आणि पिशवी असली तरी कर्करोगाची तपासणी चुकवू नका. मॅमोग्राफी करता येते. करणाऱ्या बाईला पिशवी असल्याचे आधी सांगा, म्हणजे ती जादा फोटो घेईल.

घरच्यांनाही आमचे दोन शब्द. सून, लेक, बायको तापाने फणफणत असताना "हौस कुणाची होती?" हा हिशेब मांडू नका. रिक्षा बोलवा. पाय घसरून पडलेल्या माणसाला आपण आधी उठवतो, चप्पल कसली घातली होती ते नंतर विचारतो. येथेही तोच न्याय लावा. महिला मंडळांनी आपल्या बैठकीत एखाद्या डॉक्टरीणबाईंना बोलावून या विषयावर एक तास ठेवावा. एकीने तोंड उघडले की आणखी दोघी बोलतात. फ्रान्समध्ये पाच हजार जणी अशाच एकेक करून जमल्या होत्या.